मागें उभा राहणारा

परवां एका रविवारीं बदलापुरास बहिणीकडे जेवावयास गेलों होतों. पानें मांडून झालीं होतीं, बहीण दोनदां हांक मारून गेली होती, आणि आमचा भाचा मात्र संगणकापुढें हाताची घडी घालून बसला होता. पडद्यावर रात्र होती. मध्यें शेकोटी पेटलेली, तिच्याभोंवतीं सात माणसें उभीं, आणि त्यांपैकीं कोणास पुढें बोलवावें हें ठरविण्यांत चिरंजिवांचा अर्धा तास गेला होता. याच मुलानें मागच्या आठवड्यांत, अकरावीला विज्ञान कीं वाणिज्य असें आईनें पोळी लाटतां लाटतां विचारलें असतां, ती पोळी तव्यावर पडण्याच्या आंत तो प्रश्न निकालांत काढला होता! आम्हांस पाहतांच तो म्हणाला, "मामा, तूं खेळलायस ना हा? मग सांग, बार्बेरियन घेऊं कीं नेक्रोमॅन्सर?"

उत्तर देण्यासाठीं आम्हीं तोंड उघडलें आणि तसेंच मिटलें. "आधीं जेवूं, मग सांगतों," असें म्हणून वेळ मारून नेली. परंतु जेवतांना आमचें लक्ष पानांत नव्हतें. ज्या प्रश्नाचें उत्तर वीस-बावीस वर्षांपूर्वीं आम्हीं एका क्षणांत दिलें होतें, तें उत्तर आतां आपणांस देतां येत नाहीं, ही गोष्ट वरणभात कालवतांना प्रथमच आमच्या ध्यानांत आली.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. खेळाचें नांव 'डायाब्लो टू'. तो २००० सालच्या जूनमध्यें अमेरिकेंत निघाला आणि २०२१ सालीं नवा वेष करून पुन्हां आला. राक्षसांनीं व्यापलेल्या मुलखांतून एका वीरानें वाट काढीत जावयाचें, एवढीच त्याची कथा. परंतु तो वीर कोणत्या प्रकारचा असावा हें खेळणारानें आरंभींच ठरवावें लागतें. या प्रकारास इंग्रजींत 'क्लास' म्हणतात. मराठींत 'वर्ग' म्हणावें तर फळा आणि छडी डोळ्यांपुढें येते, 'वर्ण' म्हणावें तर भांडण उभें राहतें. म्हणून आम्हीही आपलें क्लासच म्हणतों. ही कल्पना पडद्यावरच्या खेळांहून जुनी आहे. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं कागद, पेन्सिल आणि फांसे घेऊन खेळावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, तेव्हां त्यांत तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. कुणबी, सुतार, कोष्टी यांस त्यांत जागा नव्हती. डायाब्लोमध्यें एक लोहारीण आहे, पण ती छावणींत बसून हत्यारें विकते. तिच्या रूपानें खेळावयास कोणासही मिळत नाहीं. यंत्रावर काम करणाराच्या घरीं आम्ही जन्मलों असल्यामुळें ही गोष्ट आम्हांस नेहमींच जरा खटकत आली आहे.

असो. जेथें माणसाची जात त्याच्या जन्माआधींच ठरून चुकलेली असते त्या देशांतल्या मुलास, बोटाच्या एका दाबानें ती निवडतां यावी याची मोहिनी पडली तर नवल नाहीं. फक्त निवड एकदांच. पुढें पस्तावलों म्हणून बार्बेरियनचा नेक्रोमॅन्सर होत नाहीं; नवा वीर घेऊन पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. २०१० सालीं खेळाच्या कर्त्यांनीं थोडी सवलत दिली: वीरानें शिकलेल्या विद्या पुसून त्या पुन्हां नव्यानें वांटून घेतां येऊं लागल्या. क्लास मात्र तोच राहिला. बदलापूर हें नांव तेथें सैन्याचे घोडे बदलीत असत यावरून पडलें असें सांगतात. भाच्याच्या गांवच्या भाषेंत बोलावयाचें तर या खेळांत घोडा बदलतां येतो, स्वार बदलतां येत नाहीं.

आतां ते दोघे उमेदवार. बार्बेरियन हा डोंगरांतला आडदांड गडी. आरंभीं त्याची शक्ति ३०, तर नेक्रोमॅन्सरची १५. दोन हातांनीं पेलावयाची तलवार हा एका हातांत धरतो आणि दुसऱ्या हातांत आणखी एक घेतो. त्याची सगळी विद्या अंगावर जाण्याची. उडी मारून गर्दीच्या मध्यें पडावें, भोंवऱ्यासारखें फिरावें, आणि जो घाव येईल तो छातीवर घ्यावा. नेक्रोमॅन्सर हा फिकट चेहऱ्याचा, पांढऱ्या केंसांचा, सडपातळ मनुष्य. आपल्याकडील मांत्रिकाचा हा सावत्र भाऊ म्हणतां येईल. पडलेल्या शत्रूच्या प्रेतांतून तो सांगाडा उठवितो आणि त्यास आपल्या बाजूनें लढावयास लावतो. आरंभीं एक सांगाडा, मग दोन, मग तीन. पुढें पुढें अशी पलटण होते कीं तिच्या पाठीमागें हा दिसेनासा होतो. स्वतः मागें उभा राहून शत्रूस शाप द्यावा आणि बाकीचें काम सांगाड्यांवर सोंपवावें, अशी याची रीत.

आम्हीं हे दोघे प्रथम पाहिले ते उल्हासनगरांत, २००२ सालीं. अंबरनाथास आमचें घर, उल्हासनगरास कॉलेज, आणि मध्यें अंतर एका स्टेशनाचें. त्यामुळें घरीं उशिरां पोहोंचण्यास गाडीचें निमित्तही फार वेळ पुरत नसे. कॅम्प नंबर चारमध्यें एका अरुंद माडीवर आठ संगणकांचें एक सायबर कॅफे होतें. तासाला वीस रुपये. तेथील तबकडी अस्सल होती असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. वस्तूवर 'यू. एस. ए.' असें छापलें असेल तर त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा करावा, ही थट्टा त्या गांवचे लोक स्वतःच सर्वांआधीं करतात.

कॅफेचा मालक तिशींतला सिंधी गृहस्थ होता. आम्ही चौघे मित्र शेकोटीपुढें बसून कोणी कोण व्हावें यावर हुज्जत घालूं लागलों कीं तो घड्याळाकडे पाहून म्हणे, "कोई भी लो साईं, मीटर तो सेम है." एकदां मात्र तो खुर्ची ओढून आमच्यापाशीं बसला आणि त्यानें आजोबांची हकिकत सांगितली. आजोबांची सिंधमध्यें जमीन होती. फाळणीनंतर ते येथल्या छावणींत आले. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं बांधलेल्या त्या बराकी. पुढें ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें तेथें नव्या गांवाची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हें नांव मिळालें. आजोबा लोकलच्या डब्यांतून गोळ्या-बिस्किटें विकूं लागले. "उनको किसी ने नहीं पूछा, क्या बनोगे," असें म्हणून तो हंसला आणि पुन्हां घड्याळापाशीं जाऊन बसला. त्याच्या हंसण्यांत कडवटपणा नव्हता. आम्हांसच अर्धा मिनिट खेळ सुचेना.

आम्हीं नेक्रोमॅन्सर घेतला. कां, तें आतां प्रांजळपणें सांगावयास हरकत नाहीं. आम्हांस मार खाण्याची भीति वाटे. शाळेंत, मैदानावर, गाडींत चढतांना, सर्वत्र आमची जागा मागल्या बाजूस असे. येथें तर मागें राहण्यास विद्या म्हणतात असें आढळून आलें! श्रीकृष्णानें एका बाजूस आपलें सारें सैन्य आणि दुसऱ्या बाजूस निःशस्त्र असा आपण एकटा, अशी निवड पुढें ठेवली असतां दुर्योधनास सैन्याचा मोह पडला, ही गोष्ट लहानपणीं ऐकतांना आम्ही दुर्योधनास पोट धरून हंसलों होतों. माऊस हातांत आल्यावर आम्हीं बिनदिक्कत सैन्यच घेतलें.

आणि तें आम्हांस मानवलें. महिन्याभरांत आमची पलटण अशी कांहीं वाढली कीं मित्र आम्हांस 'सेठ' म्हणूं लागले. त्यांचे वीर पुढें जाऊन धडपडत, मरत, पुन्हां उठून आपल्याच प्रेतावरचीं शस्त्रें गोळा करीत; आम्ही मागें सावकाश चालत असूं. एका रात्रीं नऊ वाजून गेले तरी आम्ही घरीं न पोहोंचल्यामुळें आईनें अण्णांस धाडलें. अण्णा म्हणजे आमचे वडील. अंबरनाथच्या एका कारखान्यांत ते लेथवर टर्नर होते. त्यांचीं नखें कायम काळीं असत आणि रविवारींसुद्धां त्यांच्या सदऱ्यास कटिंग ऑइलचा वास येई. ते माडी चढून आले, आमच्या खुर्चीमागें उभे राहिले आणि आम्हांस कांहीं कळण्याच्या आंत त्यांनीं पांच-सात मिनिटें खेळ पाहिला. रागावतील असें वाटलें होतें. परंतु यंत्राकडे पाहतात तसें ते पडद्याकडे पाहत होते.

"तुझा माणूस कुठला?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं दाखविला.

"हा मागं कां उभा?"

आम्हीं मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. हा हुशार आहे, याला स्वतः लढावें लागत नाहीं, लढावयास हे बाकीचे आहेत.

"म्हणजे मुकादम," अण्णा म्हणाले.

मित्र खो खो हंसले. आम्हीं चिडून सांगितलें कीं तसें नाहीं. आरंभीं याच्याजवळ कोणीच नसतें. प्रेत असल्याखेरीज सांगाडा उठत नाहीं, आणि प्रेत पाहिजे तर पहिला शत्रु यानें स्वतःच्या हातानें पाडावा लागतो. हातांत एक आंखूड कांडी असते, तिनें बडवून बडवून.

अण्णांनीं क्षणभर विचार केला. "तेवढं तरी आहे," ते म्हणाले, "चल घरीं."

ही गोष्ट आम्ही विसरलों. शिक्षण आटोपलें, आणि एका कारखान्यांत पाळ्या लावण्याचें काम आम्हांस मिळालें. कांचेच्या खोलींत बसावयाचें, कोण आला कोण गैरहजर हें पाहावयाचें, आणि तक्त्यांत एका रकान्यांतलें नांव दुसऱ्या रकान्यांत न्यावयाचें. अण्णांस फार आनंद झाला. मुलाचे हात स्वच्छ राहणार म्हणून त्यांनीं शेजाऱ्यांना पेढे वांटले. नेक्रोमॅन्सर आणि आमची नोकरी यांतलें साम्य त्या वेळीं कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं; आमच्या तर मुळींच नाहीं.

२००८ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं पॉवर प्रेसवरचा नेहमींचा माणूस आला नाहीं. गाड्या तुंबल्या होत्या. माल जावयाचा होता. आम्हीं पॅकिंगच्या रकान्यांतलें एका हंगामी पोराचें नांव खोडून प्रेसच्या रकान्यांत लिहिलें. एक रेघ आणि एक नांव, यापलीकडे आम्हांस कांहीं करावें लागलें नाहीं. दुपारीं त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. पुढचें सारें रीतसर झालें. कागद भरले गेले, पैसे मिळाले, आणि कोणींही आमच्याकडे बोट दाखविलें नाहीं. त्याला दवाखान्यांत भेटावयास आम्ही गेलों तेव्हां तो उठून बसला आणि त्यानें आम्हांस 'साहेब' म्हटलें.

त्या रात्रीं अण्णांस सर्व सांगितलें. ते तेव्हां निवृत्त झाले होते. ऐकून घेतल्यावर त्यांनीं एकच विचारलें, "ती प्रेस तूं स्वतः चालवलीयस कधीं?"

"नाहीं."

अण्णा कांहीं बोलले नाहींत. उठले, पंख्याचें बटण कमी केलें आणि निजावयास गेले. तेव्हां त्या माडीवरचें त्यांचें 'तेवढं तरी आहे' आम्हांस आठवलें. आमच्या फिकट मांत्रिकानें पहिला घाव तरी स्वतः घातला होता. आम्हीं तोही घातला नव्हता.

पुढें आम्हीं काय केलें त्यांतला एक भाग सांगण्यासारखा आहे आणि एक हंसण्यासारखा. सांगण्यासारखा भाग हा कीं प्रेसवरच्या जुन्या माणसाच्या हातापायां पडून पंधरा दिवस पाळी सुटल्यावर आम्ही त्याच्यापाशीं ती प्रेस शिकलों. हंसण्यासारखा भाग हा कीं घरीं जुन्या संगणकावर डायाब्लो घालून आम्हीं बार्बेरियन घेतला. प्रायश्चित्तासाठीं खेळ खेळणारा पंचविशीचा गृहस्थ हें दृश्य किती केविलवाणें आहे, याची जाणीव आम्हांस त्या वेळींही होती.

परंतु त्या बार्बेरियननें आमचें समाधान केलें नाहीं हें नमूद केलें पाहिजे. पुढें उभें राहणें हा स्वतः एक गुण आहे अशी आमची समजूत झाली होती, ती टिकली नाहीं. खेळाच्या चौथ्या अंकांत कांहीं काळे सरदार भेटतात. ते 'आयर्न मेडन' नांवाचा शाप घालीत. त्या शापाखालीं तुम्हीं शत्रूस जो घाव घालाल तो उलटून तुमच्यावरच येतो, आणि घाव जितका मोठा तितका मार मोठा. आमचा आडदांड वीर डोळे मिटून भोंवऱ्यासारखा फिरला आणि स्वतःच्याच बळानें जागच्या जागीं मेला. (२०१० सालच्या दुरुस्तींत या सरदारांकडून तो शाप काढून घेण्यांत आला, आमच्याजवळची तबकडी जुनी होती.) तेथें जगावयाचें तर थांबावें लागे, आणि थांबणें तेवढें त्याला येत नसे. उलट नेक्रोमॅन्सरचीही फजिती होण्याची एक जागा आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटीं ड्युरिएल नांवाच्या राक्षसाची एक कोंदट खोली लागते. तींत एकही प्रेत नसतें. बरोबर आणलेले सांगाडे तो घटकेंत मोडून टाकतो, नवे उठवावयास कांहीं उरत नाहीं, आणि इतका वेळ मागें असलेला माणूस एकाएकीं पुढें येतो. त्या खोलींत कॉलेजांतल्या दिवसांत आम्ही किती वेळां मेलों याची गणती नाहीं. आणि मित्र आम्हांस 'सेठ' म्हणत ते त्याच दिवसांपासून बंद झाले.

बार्बेरियनची एक विद्या मात्र आम्हांस मनापासून आवडली. तिचा उल्लेख लढाईच्या गोष्टींत सहसा होत नाहीं. तो मोठ्यानें आरोळी देतो, आणि ती ऐकणाऱ्या सर्व सोबत्यांचें आयुष्य तेवढ्या वेळापुरतें वाढतें. आम्ही एकटेच खेळत होतों. ऐकावयास कोणी नव्हतें. तरी आम्ही ती आरोळी पुनः पुन्हां देववीत असूं. लेथ सुरू करण्यापूर्वीं अण्णा "हात!" असें ओरडत, म्हणजे आसपासच्या शिकाऊ पोरांनीं हात मागें घ्यावे. ही संवय त्यांची इतकी अंगवळणीं पडली होती कीं घरीं आई मिक्सर लावूं लागली तरी ते खोलींतून "हात!" म्हणून ओरडत आणि आई हंसत असे. कारखान्यांतल्या चाळीस वर्षांत त्यांच्या शेजारच्या यंत्रावर कोणाचें बोट गेलें नाहीं, असें त्यांच्या निरोपाच्या समारंभांत कोणी सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्यांच्या चहाच्या सोबत्यांनीं मात्र ते गेल्यावर घरीं येऊन तें आईस सांगितलें.

हें सारें बहिणीच्या घरीं, ताक पितां पितां, आमच्या मनांत येऊन गेलें. सोळा वर्षांच्या मुलास यांतलें काय सांगावें? पॉवर प्रेसची गोष्ट सांगावी तर उपदेश होतो, आणि भाचा उपदेश ऐकूं येतांच डोळे अर्धे मिटतो. न सांगावी तर त्याच्या प्रश्नाचा आपण अपमान केला असें होतें. कारण त्यानें विचारलें होतें तें गंभीरपणें. हात धुवून त्याच्याशेजारीं स्टूल घेऊन बसलों. शेकोटी तशीच जळत होती आणि सातहि जण तसेच उभे होते.

"तुला कोण आवडतो?" आम्हीं विचारलें.

"नेक्रो. पण शाळेंतलीं पोरं म्हणतात तो भित्र्यांचा क्लास आहे."

"आहे," आम्ही म्हणालों. "मीही तोच घेतला होता."

त्यानें आमच्याकडे पाहिलें. ही कबुली त्यास अपेक्षित नसावी. मग आम्हीं त्यास फक्त कांडीची गोष्ट सांगितली: पहिलें प्रेत स्वतः मिळवावें लागतें ही, आणि आजोबांनीं आमच्या माणसास मुकादम म्हटलें होतें ही. अण्णांची त्यास पुसट आठवण आहे. 'मुकादम' शब्दावर तो इतका हंसला कीं स्वयंपाकघरांतून बहिणीनें काय झालें म्हणून विचारलें.

"त्याचं नांव मुकादमच ठेवतों," तो म्हणाला आणि त्यानें बटण दाबलें. फिकट चेहऱ्याचा मनुष्य शेकोटीपाशीं दोन पावलें पुढें आला.

आम्हांस परतीची गाडी गांठावयाची होती. आम्ही चपला घालीत होतों तोंवर मुकादम छावणीच्या बाहेर पडून माळावर गेला होता आणि एका डुलत चालणाऱ्या प्रेतवत् प्राण्यास कांडीनें बडवीत होता. दोनदां पळून मागें आला, पुन्हां गेला. भाच्याचें नाक पडद्यास लागावयाचें बाकी होतें.

"मामा, थांब, थांब! पडला! उठला बघ!"

आम्ही दारांतून वळून पाहिलें. हाडांचा एक बारीकसा शिपाई त्याच्या माणसापुढें उभा होता, वाऱ्यानें पडेल असा.

"एकच आहे रे," आम्ही म्हणालों.

"हो ना," भाचा म्हणाला, "एकाच्या मागं मावत नाहीं मी." आणि तो आपल्या माणसास त्या सांगाड्याच्या शेजारून पुढें नेऊं लागला. बहिणीनें डब्यांत घातलेली भाजी आमच्या हातांत दिली, आणि आम्ही स्टेशनची वाट धरली.